डिफ्रॅग कमांड: एंटर दाबण्याआधी काय करायचे, कोणत्या क्रमाने, आणि चुका कुठे होतात

डिफ्रॅग म्हणजे डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या फाइली पुन्हा सलग लावणे. त्याची कमांड एका ओळीची आहे. म्हणूनच बहुतेक जण ती आधी टाइप करतात आणि बाकीच्या गोष्टी नंतर बघतात. मग कुणाच्या लक्षात येते की आपली डिस्क एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आहे, तिला याची गरजच नव्हती. कुणाची हार्ड डिस्क आधीपासून खराब होत असते, आणि रात्रभराच्या वाचन-लेखनात ती पूर्ण बसते. कुणी डिफ्रॅग संपल्यावर जुने व्हिडिओ आणि प्रोग्राम उडवतो आणि नुकत्याच नीट लागलेल्या डिस्कमध्ये पुन्हा मोकळ्या फटी पाडून ठेवतो. हे सगळे नुकसान क्रम पाळला तर टळते.

इथे धरलेला संगणक आपल्याकडे घरोघरी आणि दुकानांत दिसतो तसा आहे: विंडोज १०, एक टीबीची फिरती (आत तबकडी फिरणारी) हार्ड डिस्क, आणि दुकानदाराने तिचे पाडून दिलेले सी, डी, ई असे तीन भाग. विंडोज ११ लाही हेच टप्पे लागू पडतात. विंडोज ७ मध्ये काही पर्याय नाहीत, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

टाइप करण्याबद्दल: कमांड खाली देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या. 'डिफ्रॅग' म्हणजे डी, ई, एफ, आर, ए, जी. ड्राइव्हच्या अक्षरानंतर विसर्गासारखे दोन टिंब (कोलन) लागतातच. तिरपी रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावरची घ्यायची, आणि तिच्या आधी एक जागा सोडायची.

## टप्पा १: डिस्क फिरती आहे की एसएसडी, हे आधी ठरवा

स्टार्टमध्ये डी, एफ, आर, जी, यू, आय ही अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जची खिडकी उघडेल. तिथे 'मीडिया टाइप' या रकान्यात प्रत्येक ड्राइव्हसमोर 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' किंवा 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेले असते. विंडोज ७ मध्ये हा रकाना नाही, तिथे डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्कचा मॉडेल नंबर घेऊन तपासा.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारे हेड जागेवरून जागेवर जाते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्यात हेड हलवायचे साधारण ९ मिलिसेकंद मिळवा. फाइलचा प्रत्येक नवा तुकडा गाठायला असे १३ मिलिसेकंद जातात. हजार तुकड्यांची फाइल असेल तर नुसत्या उड्यांतच १३ सेकंद गेले. डिफ्रॅग वाचवते ती ही १३ सेकंदे.

एसएसडीत फिरणारे काही नाही, म्हणून तिथे ही बचतही जवळजवळ नाही. उलट विनाकारण लेखन होते, आणि एसएसडीचे आयुष्य लेखनावर खर्च होते. तिच्यासाठी योग्य कमांड वेगळी आहे (ती कुठे टाइप करायची ते टप्पा ४ मध्ये आहे):

डिफ्रॅग सी: /ओ

इथला 'ओ' हे अक्षर आहे, शून्य नाही. डिस्कचा प्रकार पाहून योग्य ते काम विंडोज स्वतः निवडते. हा पर्याय विंडोज ८ पासून पुढे मिळतो.

> इशारा: सी एसएसडीवर आणि डी हार्ड डिस्कवर, अशी जोडी आता बऱ्याच संगणकांत असते. तिथे 'डिफ्रॅग /सी' असे लिहू नका. कोलन नसलेला, रेघेनंतरचा हा 'सी' म्हणजे सी ड्राइव्ह नव्हे, तर सगळे ड्राइव्ह. एका चिन्हाच्या फरकाने कामाची व्याप्ती बदलते.

## टप्पा २: डिस्कची तब्येत बघा

डिफ्रॅगमध्ये हजारो फाइली उचलून दुसरीकडे लिहिल्या जातात. धडधाकट डिस्कला याने काही होत नाही. मरणाला टेकलेल्या डिस्कला मात्र हे काम शेवटचे ठरू शकते.

डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येतो का, फोल्डर उघडताना संगणक मिनिटभर गोठतो का, हे आठवून बघा. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडा, 'विंडोज लॉग्ज'खाली 'सिस्टम'मध्ये जा आणि 'डिस्क' या स्रोताच्या नोंदी शोधा. इव्हेंट क्रमांक ७ दिसला तर डिस्कवर खराब ब्लॉक सापडलेला आहे. याहून पक्के उत्तर हवे असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन वापरा. त्यात ०५ (दुसरीकडे हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि सी५ (निकालाची वाट बघणारे सेक्टर) या दोन ओळींतले 'रॉ व्हॅल्यूज' शून्य असावेत. सी५ वाढता असेल तर डिफ्रॅगचा विचार सोडा. त्या डिस्कवरून आधी आपला डेटा काढून घ्या.

## टप्पा ३: बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर

सीवरचा डेटा डीवर कॉपी केला म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. सी आणि डी एकाच तबकडीचे भाग असतील तर डिस्क गेल्यावर दोन्ही एकदम जातात. बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच घ्या: फोटो, हिशेबाचा डेटा, डीटीपीच्या फाइली, जे परत मिळवता येणार नाही ते सगळे. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली तिथून उघडून बघा.

आता एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. 'सावधगिरी म्हणून आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवतो' असा बेत असेल, तर तो उपयोगी पडेलच असे नाही. विंडोजचे रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज पूर्वीच्या स्थितीला परत नेण्यासाठीच्या नोंदी, त्याच डिस्कवर राखीव जागेत राहतात. डिफ्रॅग ब्लॉक हलवते, तेव्हा त्या प्रत्येक बदलाची जुनी प्रत या जागेत जाऊ शकते. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, ४ केबीच्या क्लस्टरच्या (जागा वाटायच्या कप्प्यांच्या) ड्राइव्हवर ती जागा भरते आणि जुने पॉइंट पुसले जातात. रिस्टोअर पॉइंट करायचा असेल तर सगळे काम संपल्यावर करा.

## टप्पा ४: फाइल सिस्टममधल्या चुका दुरुस्त करा

इथून पुढे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला कमांड प्रॉम्प्ट लागेल. स्टार्टमध्ये सी, एम, डी टाइप करा, 'कमांड प्रॉम्प्ट'वर उजवे बटण दाबा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. खिडकीच्या वरच्या पट्टीत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा शब्द दिसला पाहिजे. तो नसेल तर डिफ्रॅग अधिकार अपुरे असल्याचा संदेश देऊन थांबेल.

आता चेकडिस्क चालवा. फाइल सिस्टम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदव्यवस्था, ते तपासते. टाइप करायची अक्षरे सी, एच, के, डी, एस, के:

चेकडिस्क सी: /स्कॅन

'स्कॅन' म्हणजे एस, सी, ए, एन. विंडोज चालू असतानाच ही तपासणी होते (विंडोज ७ मध्ये /स्कॅन नाही, तिथे नुसते 'चेकडिस्क सी:' लिहा). चूक निघाली तर:

चेकडिस्क सी: /एफ

सी वापरात असल्यामुळे 'पुढच्या वेळी संगणक सुरू होताना तपासू का' असा प्रश्न येईल. वाय दाबून एंटर द्या आणि संगणक रिस्टार्ट करा. डी आणि ईसाठी बहुधा रिस्टार्ट लागत नाही. मात्र त्यावरच्या फाइली उघड्या असतील तर बंद करा.

हा टप्पा गाळून चालत नाही. ड्राइव्हवर 'डर्टी' अशी खूण लागलेली असेल, म्हणजे चुका शिल्लक असल्याचे विंडोजला ठाऊक असेल, तर डिफ्रॅग त्या ड्राइव्हला हात लावत नाही. वीज अचानक गेल्यावर ही खूण लागू शकते.

> इशारा: '/आर' हा पर्याय सहज म्हणून लावू नका. तो सगळी डिस्क सेक्टर-सेक्टर वाचतो. एक टीबीला कित्येक तास लागतात, आणि दुसऱ्या टप्प्यात आजारी ठरलेल्या डिस्कवर तो ताण डेटा काढण्याआधी देणे धोक्याचे आहे.

## टप्पा ५: कचरा आत्ताच काढा, नंतर नाही

डिफ्रॅगला फाइली सरकवायला मोकळी जागा लागते. किमान १५ टक्के जागा रिकामी असू द्या, २० असेल तर उत्तम. २०० जीबीच्या सी ड्राइव्हवर ३० ते ४० जीबी. त्याहून कमी जागेत कमांड सुरू होते, पण तीच फाइल इकडून तिकडे हलवत राहते आणि शेवटी हाती फारसे लागत नाही.

आधी नको असलेले प्रोग्राम काढा, मग मोठ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवा, मग डिस्क क्लीनअप चालवा (सी, एल, ई, ए, एन, एम, जी, आर), आणि रिसायकल बिन सर्वांत शेवटी रिकामा करा. डिस्क क्लीनअपच्या यादीत सगळीकडे टिक करून पुढे जाऊ नका: विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत त्या यादीत 'डाउनलोड्स' हे फोल्डरही असते, आणि अनेकांच्या कामाच्या फाइली नेमक्या तिथेच पडलेल्या असतात.

विंडोजचे अपडेट अर्धवट राहिले असेल तर तेही आत्ताच पूर्ण करून रिस्टार्ट करा. डिफ्रॅगच्या दुसऱ्याच दिवशी मोठे अपडेट उतरले की मेहनतीचा बराच भाग वाया जातो.

## टप्पा ६: वीज आणि स्लीप

लॅपटॉप चार्जरला जोडा. डेस्कटॉपला यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरोखर टिकते का ते बघा. भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे काम लावा. डिफ्रॅग एकेक तुकडा हलवताना फाइल सिस्टमच्या नियमांतून जाते, त्यामुळे वीज गेली म्हणून फाइली सरसकट खराब होत नाहीत. पण वीज जाताना डिस्कवर लेखन चालू असणे कधीच चांगले नाही.

पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही. टॉरेंट, क्लाउडवर फाइली चढवणारे प्रोग्राम, हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझर हे सगळे बंद करा, कारण उघडी आणि सतत बदलणारी फाइल हलवणे अवघड जाते. अँटिव्हायरस बंद करू नका, फक्त त्याचे पूर्ण स्कॅन त्याच वेळी लागलेले नाही ना, एवढे बघा.

## टप्पा ७: आधी नुसते विश्लेषण

डिफ्रॅग सी: /ए /व्ही

'ए' म्हणजे फक्त तपासणी, काहीही हलवले जात नाही. 'व्ही' म्हणजे सविस्तर अहवाल. काही मिनिटांत आकड्यांची यादी येते. त्यातल्या तीन ओळी वाचा. पहिली, एकूण तुकडे झालेली जागा, टक्क्यांत. दुसरी, सर्वांत मोठी सलग मोकळी जागा. तिसरी, अगदी शेवटची, ज्यात विंडोज स्वतः सांगते की या ड्राइव्हला डिफ्रॅगची गरज आहे किंवा नाही.

तुकडे झालेल्या जागेचा आकडा १० टक्क्यांच्या आत असेल आणि शेवटची ओळ 'गरज नाही' म्हणत असेल, तर इथेच थांबा. संगणक तरीही संथ असेल तर कारण दुसरे आहे: अपुरी रॅम, सुरुवातीलाच उघडणारे डझनभर प्रोग्राम, किंवा थकलेली डिस्क. डिफ्रॅगने यातले काहीच सुटत नाही.

अहवालात एक टीप असते: ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे या मोजणीत धरलेले नाहीत. ते योग्यच आहे. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कला ६४ एमबी वाचायला ०.६४ सेकंद लागतात, आणि पुढच्या तुकड्यावर उडी मारायला ०.०१३ सेकंद. सिनेमाची फाइल अशा वीस तुकड्यांत असली तरी पाहणाऱ्याला फरक कळत नाही. काही बाहेरचे प्रोग्राम हे तुकडेही मोजून मोठा लाल आकडा दाखवतात. त्याला घाबरू नका.

> पडताळणी: अहवालाचे आकडे लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. नवव्या टप्प्यात तुलना याच्याशीच होईल.

## टप्पा ८: प्रत्यक्ष डिफ्रॅग, एका वेळी एक ड्राइव्ह

डिफ्रॅग सी: /यू /व्ही

'यू' लावले की प्रगती टक्क्यांत दिसते. ते न लावल्यास खिडकी गप्प बसते आणि लोक बंद पडले समजून ती मिटवतात.

टक्के शंभरला पोचून पुन्हा खालून सुरू होतील. ही नवी फेरी आहे, बिघाड नाही. पहिल्यांदाच आणि बऱ्याच काळानंतर चालवत असाल तर काही तास धरा. एखादा आकडा बराच वेळ हलत नसेल आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे.

दिवा शांत असेल आणि आकडाही थांबलेला असेल, तर आधी खिडकीची वरची पट्टी वाचा. तिथे 'सिलेक्ट' हा शब्द आला आहे का? कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या भागात माउसने चुकून क्लिक केले की विंडोज मजकूर निवडायच्या अवस्थेत जाते, आणि चालू प्रोग्राम पुढची ओळ लिहायला अडून बसतो. एस्केप दाबा, काम जिथल्या तिथून पुढे सुरू होते. 'डिफ्रॅग रात्रभर एकाच टक्क्यावर अडकली' या तक्रारीमागे हा एक क्लिक असू शकतो.

कमांड साधारणपणे कमी प्राधान्याने चालते, म्हणजे दुसरे काम आले की बाजूला सरते. संगणकावर कुणी बसणार नसेल तर '/एच' जोडा, काम लवकर आटपेल.

सी झाला की डी, मग ई. एकाच वेळी दोन खिडक्या उघडून दोन ड्राइव्ह सुरू करू नका, आणि '/एम' हा एकदम सगळे चालवणारा पर्यायही इथे लावू नका. तीन ड्राइव्ह दिसत असले तरी डिस्क एकच आहे. हेड सीच्या भागातून ईच्या भागात आणि परत असे पळत राहील आणि दोन्ही कामे रखडतील. ड्राइव्ह वेगवेगळ्या डिस्कवर आहेत का, हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा पट्ट्यांवरून कळते. तशा असतील तरच '/एम'ला अर्थ आहे.

काही नव्या मोठ्या हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत लेखनाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. अशा डिस्कवर डिफ्रॅग सुरुवातीला ठीक चालते आणि मग फार मंदावते. त्या डिस्कवर नुसते फोटो-व्हिडिओ साठवलेले असतील तर डिफ्रॅग करूच नका.

> इशारा: मध्येच थांबवायचे झाले तर कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबा आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा. पॉवर बटण दाबून धरू नका.

## टप्पा ९: झालेले काम तपासा

शेवटी अहवाल आपोआप येतो. आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा. तुकडे झालेली जागा ० ते २ टक्क्यांवर आली असेल तर काम पूर्ण झाले. ती शून्यच व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा चालवू नका: वापरात असलेली पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर विंडोज वापरते ती फाइल) आणि विंडोजच्या आतल्या काही फाइली हलत नाहीत, त्या तशाच राहणार.

रात्री लावून झोपला असाल आणि खिडकी सकाळी बंद दिसली, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन'खाली इव्हेंट क्रमांक २५८ शोधा. काम यशस्वीपणे संपल्याची नोंद तिथे असते. मग स्लीपची सेटिंग पूर्ववत करा, आणि हवा असल्यास आता रिस्टोअर पॉइंट करा.

## अडले तर

- 'दुसरे काम चालू आहे' असा संदेश: विंडोजचे स्वतःचे, दर आठवड्याला आपोआप होणारे डिफ्रॅगचे काम त्याच वेळी सुरू झालेले असते. 'डिफ्रॅग सी: /टी' लिहिले की त्याची प्रगती दिसेल. ते संपू द्या.
- बाहेरच्या डिस्कला नकार: ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल. डिफ्रॅग एनटीएफएस, रेफएस, फॅट आणि फॅट३२ वरच चालते. पेन ड्राइव्हला तर याची गरजच नाही.
- नेटवर्कवरचा ड्राइव्ह: तुमच्या संगणकावरून होणार नाही. तो ज्या संगणकात बसवलेला आहे, तिथे जाऊन चालवा.
- डिफ्रॅगनंतर मोकळी जागा वाढली नाही: वाढणार नव्हतीच. तुकडे जोडल्याने फाइलचा आकार घटत नाही.

## टप्पा १०: वेळापत्रक

विंडोजचे आठवड्याचे काम चालू असेल तर हाताने कमांड देण्याची वेळ क्वचितच येते. पहिल्या टप्प्यातल्या त्याच खिडकीत खाली 'शेड्यूल्ड ऑप्टिमायझेशन' चालू आहे का ते बघा. वेग वाढवण्याच्या नावाखाली सेवा बंद करणारे प्रोग्राम ते गुपचूप बंद करून ठेवतात. चालू असूनही 'शेवटचे कधी झाले' या रकान्यात जुनी तारीख दिसत असेल, तर संगणक काम संपताक्षणी बंद केला जात असणार. आठवड्यातून एखाद्या दिवशी तो तासभर नुसता चालू ठेवा.

पुढे हीच हार्ड डिस्क काढून, सगळा मजकूर जसाच्या तसा एसएसडीवर उतरवलात, तर पहिल्याच दिवशी 'मीडिया टाइप' पुन्हा तपासा. तिथे अजून 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसत असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टमध्ये विनसॅट फॉर्मल ही डिस्क नव्याने तपासणारी कमांड (डब्ल्यू, आय, एन, एस, ए, टी, जागा, एफ, ओ, आर, एम, ए, एल) एकदा चालवा, आणि रकाना बदलल्याची खात्री झाल्यावर डिफ्रॅग सी: /एल (कुठली जागा मोकळी आहे ते एसएसडीला कळवणारी कमांड) द्या.